स्फटिकातील वीज : पिअर क्यूरी

कारखान्यात मोठा पंप चालू असला, म्हणजे त्याच्याजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या तळपायांना जमिनीचा बारीक कंप जाणवतो. पंपाचे काम पाणी उपसण्याचे. त्याच्या शक्तीचा काही अंश या थरथरीत वाया जात असतो. परंतु अलीकडे या वाया जाणाऱ्या थरथरीकडूनही काम करून घेतले जाते. यंत्राच्या अंगावर एक लहानशी डबी बसवलेली असते. यंत्र किती तापले, किती हादरले, याची ती नोंद घेते आणि बिनतारी संदेशाने दूरच्या खोलीत बसलेल्या माणसाला कळवते. अशा उपकरणाला संवेदक म्हणतात. काही संवेदकांना विजेची तार जोडलेली नसते आणि त्यांच्यातील सेलही वरचेवर बदलावा लागत नाही. यंत्राच्या कंपापासूनच ते आपल्यापुरती वीज मिळवतात.

ही वीज मिळवण्याचे काही मार्ग आहेत. विशिष्ट जातीच्या स्फटिकाला दाबले किंवा वाकवले असता त्यात वीज उत्पन्न होते, या गुणाचा उपयोग करून घेणे हा त्यांपैकी एक मार्ग होय. स्फटिकांचा हा गुण सन १८८० मध्ये पॅरिस शहरी दोन तरुण भावांनी शोधून काढला. त्यांतील धाकट्या भावाचे नाव पिअर क्यूरी. पुढे रेडियमच्या शोधामुळे पिअरचे नाव जगभर झाले आणि त्याचा हा पहिला शोध त्या तेजात काहीसा झाकला गेला. पण त्या पहिल्या शोधावाचून पुढील मोठा शोध लागणेही कठीण होते.

पिअरचा जन्म १५ मे १८५९ रोजी पॅरिसमध्ये झाला. त्याचे वडील युजीन क्यूरी हे डॉक्टर होते. त्यांना शास्त्रीय संशोधनाची फार हौस; परंतु संसाराच्या भारामुळे ती त्यांना पुरी करता आली नाही. पैशापेक्षा रुग्णाकडे पाहणारा तो मनुष्य होता. सन १८७१ मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर बंडाळी माजली व गोळीबार होऊ लागला, तेव्हा डॉक्टरांनी आपल्या राहत्या घरातच जखमींच्या शुश्रूषेची सोय केली. जखमींना उचलून आणण्याच्या कामी त्यांचे दोन्ही मुलगे त्यांच्याबरोबर जात. त्या वेळी पिअर अवघा बारा वर्षांचा होता.

लहानपणी पिअर मंद वाटे. त्याला एकामागून एक निरनिराळे विषय झटपट शिकता येत नसत. एखादी गोष्ट मनात आली, की तो तिच्यातच बुडून जाई. मध्येच कोणी हाक मारली, तर विचाराचा धागा तुटे आणि तो पुन्हा जुळवताना त्याला कष्ट पडत. आपली बुद्धी सावकाश चालणारी आहे, अशी त्याची स्वतःचीही समजूत होती. शाळेतील घंटा आणि तासिका या मुलाला मानवणार नाहीत, हे त्याच्या आईवडिलांनी ओळखले. त्यांनी त्याला शाळेत घातलेच नाही. आई, वडील आणि थोरला भाऊ झाक हेच त्याचे पहिले गुरू. रानावनांत भटकावे, तळ्याकाठची झाडे, किडे, बेडूक निरखावे, सापडेल ते घरी आणून त्याची नोंद करावी, असा त्याचा अभ्यासक्रम होता. चौदाव्या वर्षी त्याला गणिताचा एक उत्तम शिक्षक लाभला आणि मग या सावकाश चालणाऱ्या मुलाने असा वेग घेतला, की सोळाव्या वर्षी त्याने विद्यापीठाची प्रवेश परीक्षा आणि अठराव्या वर्षी पदार्थविज्ञानाची पदवी मिळवली. दुसऱ्याच वर्षी सॉर्बॉन या प्रसिद्ध विद्यापीठात साहाय्यकाची नोकरी धरून तो प्रयोगशाळेत काम करू लागला.

झाक त्याच्याहून साडेतीन वर्षांनी मोठा. तो त्याच विद्यापीठात खनिजांच्या प्रयोगशाळेत होता. दोघा भावांचे एकमेकांवर निस्सीम प्रेम होते आणि दोघांनाही स्फटिकांचे वेड होते. मीठ, साखर, गारगोटी यांचे कण भिंगाखाली पाहिले, तर त्यांना सपाट बाजू आणि रेखीव कोपरे दिसतात. ही रेखीवता कोठून येते आणि तिचा त्या पदार्थाच्या गुणांशी काय संबंध असतो, हा प्रश्न त्यांच्या मनात सतत घोळत असे.

त्या काळी एक चमत्कारिक गोष्ट शास्त्रज्ञांना ठाऊक होती. सिंहलद्वीपातून डच व्यापाऱ्यांनी तोरमल्ली नावाचे रत्न युरोपात नेले होते. ते तापवले, की राखेचे कण त्याच्याकडे ओढले जात. म्हणजे तापल्यामुळे त्यात वीज उत्पन्न होई. असे का व्हावे? या भावांनी विचार केला, की तापल्याने स्फटिक फुगतो आणि निवल्याने आक्रसतो. आतील कणांमधील अंतर बदलते, त्यामुळेच वीज उत्पन्न होत असली, तर स्फटिक न तापवता नुसता दाबला तरी तीच गोष्ट घडली पाहिजे.

विचार सरळ होता. पण तो खरा की खोटा, हे प्रयोगानेच ठरणार होते. त्यांच्याजवळ भारी उपकरणे नव्हती. त्यांनी स्फटिकाची योग्य दिशेने कापलेली चकती घेतली. तिच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना कथिलाचे पातळ पत्रे लावले. वीज निसटून जाऊ नये म्हणून बाहेरून कठीण रबराच्या वड्या बसवल्या आणि सगळे शेगड्यात धरून आवळले. पत्र्यांना जोडलेल्या विद्युत्‌मापकाने वीज दाखवली! दाब सैल करताच पुन्हा वीज दिसली. मात्र या वेळी ती उलट प्रकारची होती. दाब दुप्पट केला, तर वीजही दुप्पट झाली. तोरमल्ली, पुष्कराज, क्वार्ट्‌झ, इतकेच काय पण उसाच्या साखरेचा खडा, या सर्वांत हा गुण आढळला. ऑगस्ट १८८० मध्ये हा शोध फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे मांडण्यात आला. त्या वेळी झाक चोवीस आणि पिअर एकवीस वर्षांचा होता. या गुणाला आपण मराठीत दाबविद्युत् म्हणतो.

याचे कारण समजण्यास फार कठीण नाही. स्फटिकात धनविद्युत् आणि ऋणविद्युत् असलेले कण ठरावीक रचनेने बसलेले असतात. एरवी ते एकमेकांचा परिणाम नाहीसा करतात, म्हणून बाहेर वीज दिसत नाही. काही स्फटिकांची रचना मात्र अशी असते, की ते दाबताच हे कण असमान सरकतात आणि एका बाजूला धनविद्युत्, तर दुसऱ्या बाजूला ऋणविद्युत् प्रकट होते. सर्वच स्फटिकांची रचना अशी नसते. आपल्या नेहमीच्या मिठाचा खडा कितीही दाबला, तरी त्यातून ही वीज मिळणार नाही. यात आणखी एक मर्म आहे. दाब तसाच ठेवून दिला, तर वीज एकदाच मिळते. ती पुनःपुन्हा हवी असेल, तर दाब सारखा कमीजास्त होत राहिला पाहिजे. आणि कंप म्हणजे तरी दुसरे काय? क्षणाक्षणाला बदलणारा दाबच तो!

पुढल्याच वर्षी लिपमान या शास्त्रज्ञाने गणिताच्या आधारे असे दाखवले, की याच्या उलटही घडले पाहिजे. म्हणजे स्फटिकाला वीज दिली, तर त्याचा आकार किंचित बदलला पाहिजे. हा बदल इतका सूक्ष्म, की डोळ्यांना दिसणे अशक्य. तरीही क्यूरी बंधूंनी तो मोजून दाखवला. अशी सूक्ष्म मोजमापे करता करता त्यांनी क्वार्ट्‌झचे एक नाजूक उपकरण तयार केले. क्वार्ट्‌झची लांब, पातळ पट्टी टांगायची आणि तिला खालून वजन लावायचे. किती वजनाने किती वीज उत्पन्न होते, हे आधी ठाऊक असल्यामुळे या उपकरणाच्या साहाय्याने अत्यंत थोडी वीजही बिनचूक मोजता येऊ लागली.

सन १८८३ मध्ये भावांची ताटातूट झाली. झाक अध्यापक होऊन दक्षिणेकडील माँपेल्ये या गावी गेला. पिअर पॅरिसमध्येच नव्याने निघालेल्या एका औद्योगिक विज्ञानशाळेत शिक्षक झाला. तेथे त्याने बावीस वर्षे काढली. पगार बेताचा होता. त्याला स्वतःची प्रयोगशाळा नव्हती. जिना आणि विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा यांमधल्या अरुंद वाटेत तो आपले संशोधन करी. तेथेच त्याने चुंबकत्वावर असे काम केले, की ते आजही अभ्यासले जाते. लोखंड ठरावीक उष्णतेपलीकडे तापवले, की त्याचे चुंबकत्व नाहीसे होते. ज्या तापमानाला हे घडते, त्याला आज त्याच्याच नावाने क्यूरी बिंदू म्हणतात. परदेशातील मोठमोठे शास्त्रज्ञ त्याला मानत. त्याच्या स्वतःच्या देशात मात्र त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. बढतीसाठी वरिष्ठांच्या घरी खेटे घालणे त्याच्या स्वभावातच नव्हते.

सन १८९४ मध्ये त्याची मारी स्क्लोडोव्स्का या पोलिश विद्यार्थिनीशी ओळख झाली. परक्या देशात काटकसरीने राहून ती पदार्थविज्ञान शिकत होती. दोघांची ध्येये एक होती. पुढील वर्षी जुलै महिन्यात त्यांचा अगदी साध्या रीतीने विवाह झाला. आहेराच्या पैशांतून त्यांनी दोन सायकली घेतल्या आणि त्यांवरून ती दोघे फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून हिंडून आली.

युरेनियम या धातूतून अदृश्य किरण बाहेर पडतात, असे बेकरेल या शास्त्रज्ञाला सन १८९६ मध्ये आढळले होते. मारीने या किरणांचा अभ्यास करण्याचे ठरवले. त्या किरणांमुळे हवेतून अगदी थोडी वीज वाहू लागते. परंतु ती इतकी थोडी, की तिचे मोजमाप कसे करायचे, हाच प्रश्न होता. तेव्हा दोघा भावांचे जुने क्वार्ट्‌झचे उपकरण कामी आले. एका हाताने पट्टीला हळूहळू वजन लावायचे आणि दुसऱ्या हातात घड्याळ धरायचे, अशा रीतीने मारीने खनिजांमागून खनिजे तपासली. पिचब्लेंड नावाच्या खनिजात युरेनियमच्या मानाने फारच अधिक किरण आढळले. त्यात कोणते तरी अज्ञात मूलद्रव्य दडले असले पाहिजे, हे उघड झाले. तेव्हा पिअरने स्फटिकांचे आपले आवडते काम बाजूला ठेवले आणि तो पत्नीच्या मदतीला आला. सन १८९८ च्या जुलैमध्ये पोलोनियम आणि डिसेंबरमध्ये रेडियम ही दोन मूलद्रव्ये त्यांनी जगापुढे मांडली.

परंतु रेडियम अद्याप कोणी डोळ्यांनी पाहिले नव्हते. ते वेगळे काढण्यासाठी त्यांना जागा मिळाली ती एका पडक्या शेडची. काचेचे छप्पर पावसात गळे. उन्हाळ्यात आत भट्टीप्रमाणे तापे, हिवाळ्यात हातपाय गारठत. तेथे पिचब्लेंडचा गाळ उकळायचा आणि लोखंडी कांबीने तासन्‌तास ढवळायचा, असे चार वर्षे चालले. याच काळात जिनीव्हाच्या विद्यापीठाने पिअरला चांगल्या पगाराची जागा देऊ केली. घरात लहान मुलगी होती आणि पैशांची ओढाताण चालू होती. तरीही हाती घेतलेले काम मध्येच तुटेल, म्हणून त्याने त्या जागेवर पाणी सोडले. अखेर सन १९०२ मध्ये टनावारी गाळातून रेडियमचा एक क्षार हाती आला. त्याचे वजन एका ग्रॅमचा दहावा हिस्सा! रात्री त्या अंधाऱ्या शेडमध्ये तो मंद प्रकाशाने चमकत असे.

रेडियमचा कर्करोगावर उपयोग होतो, असे दिसून येताच त्याला सोन्याहून अधिक किंमत आली. ते शुद्ध करण्याची रीत या दोघांना पूर्णपणे ठाऊक होती. तिचे हक्क राखून ठेवले असते, तर त्यांना अपार संपत्ती मिळाली असती आणि हवी तशी प्रयोगशाळाही बांधता आली असती. दोघांनी विचार केला आणि हक्क न राखता ती रीत सर्वांना खुली करून टाकली. ज्ञान विकायचे नसते, अशी त्यांची श्रद्धा होती. सरकारने पिअरला मानचिन्ह देऊ केले, तेव्हा आपल्याला मानचिन्हाची गरज नसून प्रयोगशाळेची मात्र फार गरज आहे, असे त्याने नम्रपणे कळवले. सन १९०३ च्या नोबेल पारितोषिकासाठी प्रथम बेकरेल आणि पिअर या दोघांचीच नावे पुढे आली होती. हे कानी येताच, मारीचा वाटा माझ्याइतकाच आहे, तिचेही नाव असले पाहिजे, असे पिअरने आग्रहाने लिहिले. त्या वर्षीचे पदार्थविज्ञानाचे पारितोषिक तिघांना मिळाले.

कीर्ती आली, परंतु प्रकृती ढासळली होती. रेडियमच्या किरणांनी दोघांच्याही बोटांची कातडी भाजली होती. पिअरचे पाय इतके दुखत, की कधी कधी त्याला रात्रभर झोप येत नसे. सन १९०४ मध्ये तो सॉर्बॉनमध्ये प्राध्यापक झाला. ज्या रस्त्यावर त्याचा जन्म झाला होता, त्याच रस्त्यावर त्याला संशोधनासाठी दोन लहान खोल्या मिळाल्या. मनाजोगती प्रयोगशाळा मात्र त्याला कधीच लाभली नाही. १९ एप्रिल १९०६ रोजी दुपारी पाऊस पडत असता रस्ता ओलांडताना तो घसरून पडला आणि सामानाने लादलेल्या घोड्यांच्या गाडीखाली सापडून जागीच मरण पावला. त्या वेळी तो अवघा शेहेचाळीस वर्षांचा होता. त्याचे अपुरे राहिलेले अध्यापन मारीने हाती घेतले. सॉर्बॉनमध्ये शिकवणारी ती पहिली स्त्री होय.

पिअर गेला, पण स्फटिकातील त्या इवल्याशा विजेची कथा संपली नाही. त्याचा विद्यार्थी पॉल लांजव्हँ याने पहिल्या महायुद्धात क्वार्ट्‌झच्या चकत्यांना वीज देऊन पाण्यात कंप सोडले आणि पाण्याखालील पाणबुड्यांचा माग काढण्याची युक्ती सिद्ध केली. पुढे घड्याळांत क्वार्ट्‌झचा बारीक तुकडा आला. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्यावरून काळ मोजला जातो. स्वयंपाकघरात शेगडी पेटवताना खटका दाबला, की ज्या लायटरमधून ठिणगी पडते, त्यातही दाबविद्युतच असते. आतील हातोडी एका लहान नळकांडीवर आपटते आणि तिच्यात वीज उत्पन्न होते.

आरंभी सांगितलेल्या संवेदकात हीच करामत असते. एका लवचीक पट्टीचे एक टोक यंत्राला घट्ट बसवतात आणि दुसऱ्या मोकळ्या टोकावर लहानसे वजन ठेवतात. पट्टीवर दाबविद्युत् देणाऱ्या पदार्थाचा थर असतो. हा पदार्थ आता बहुधा भट्टीत भाजून तयार करतात आणि तो क्वार्ट्‌झच्या शंभरपटीहूनही अधिक वीज देतो. यंत्र थरथरले, की पट्टी खालीवर झुलते, थर वाकतो, सरळ होतो आणि प्रत्येक झोक्याला वीज देतो. झोक्याला योग्य वेळी धक्का दिला तर तो उंच जातो. त्याप्रमाणे पट्टीचा आणि यंत्राचा कंप जुळला, तर वीज सर्वांत अधिक मिळते. तो जुळला नाही, तर फारच थोडी मिळते. ही या युक्तीतील मोठी अडचण होय आणि तिच्यावर संशोधन चालू आहे.

मिळणारी वीज तरी किती? अशी एक पट्टी शंभर मायक्रोवॅट, म्हणजे एका वॅटचा दहा हजारावा हिस्सा देते असे धरू. मग दहा वॅटचा एक दिवा लावण्यास अशा एक लक्ष पट्ट्या लागतील! यावर गावातील दिवे लागणार नाहीत. परंतु संवेदकाची भूकही तशीच अल्प असते. तो बहुतेक वेळ झोपलेला असतो. थेंबे थेंबे तळे साचे, या न्यायाने वीज साठत राहते. पुरेशी साठली, की तो जागा होतो, मोजमाप करतो, क्षणभरात बिनतारी संदेश धाडतो आणि पुन्हा झोपी जातो. यंत्रात होणारा बिघाड असा वेळीच कळला, तर ते बंद पडण्याचे आणि प्रसंगी अपघाताचेही संकट टळते.

सन १८८० मध्ये दोन भावांनी शेगड्यात स्फटिक आवळला, तेव्हा त्या विजेने मुंगीलाही धक्का बसला नसता. तिचा उपयोग काय, असे कोणी विचारले असते, तर त्यांनाही सांगता आले नसते. तरी त्यांनी ती क्षुल्लक म्हणून टाकली नाही. ती नीट मोजली आणि जे मोजले ते जगाला देऊन टाकले. मंद समजल्या गेलेल्या त्या मुलाने जन्मभर हेच केले. सन १९९५ मध्ये फ्रान्सने पिअर आणि मारी यांच्या अस्थी पॅरिसच्या पँथिऑन या राष्ट्रीय स्मारकात सन्मानाने नेऊन ठेवल्या. आणि आजही कोठे तरी एखाद्या थरथरत्या यंत्रावर एक लहानशी पट्टी त्याने शोधलेल्या विजेवर आपले काम निमूटपणे करीत असते.